न बांधलेला पट्टा

"मॅडम, एक चप्पल हितंच राह्यली तुमची," असं बदरोद्दीन मागून ओरडले तेव्हा मी त्यांच्या दुकानापासून बरीच पुढं, भांड्यांच्या दुकानांपर्यंत पोचले होते. मी खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल होती आणि डावा पाय उघडा होता. मे महिना, दुपारची वेळ, जुन्या जालन्यातली ती अरुंद गल्ली. रस्ता असा तापलेला की हमालसुद्धा सावलीची कड धरून चालत होते. अशा रस्त्यावरून माझा पाय उघडा चालत आला होता आणि त्यानं मला काही कळवलं नव्हतं. मी वळून मोठ्यानं म्हणाले, "राहू द्या तिथंच, दुसरीही आणून देते, जोड विकून टाका!" आसपासची दोन-चार दुकानं हसली. मीही हसले. हसायला मला कधी वेळ लागत नाही. पण हसता हसता मी त्या पायाकडं बघत होते. बाजारात एखादा नातेवाईक समोरून यावा आणि ओळख न देता निघून जावा, तसा तो पाय मला वाटला.

बदरोद्दीन स्वतः चप्पल हातात घेऊन आले. सत्तरीचा माणूस. ब्लाउजचं अस्तर मी आयुष्यभर त्यांच्याकडूनच घेत आले आहे. "अहो, तुम्ही कशाला हातात घेतली?" मी म्हणाले. "चप्पलच हाय मॅडम, निखारा थोडाच हाय," असं म्हणून त्यांनी मला मागं आपल्या दुकानाच्या ओट्यावर नेऊन बसवलं आणि पाणी आणायला आत गेले. मी पाय मांडीवर घेऊन तळवा उलटा केला. टाचेजवळ फोड आला होता, चांगला टपोरा. मी त्यावर बोट ठेवलं. बोटाला तळवा कळत होता, तळव्याला बोट कळत नव्हतं. मी नखानं दाबलं. पुन्हा दाबलं. प्रयोग एकदा करून निष्कर्ष काढायचा नाही, असं मी मुलांना सांगत आले. म्हणून तिसऱ्यांदा दाबलं. निष्कर्ष तोच. मला भीती वाटली. हे सरळ सांगून टाकते, कारण भीती वाटून घ्यायची मला सवय नाही.

मी प्रभावती. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झाले. विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते, त्याच्याकडं प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असतं. माझे यजमान गिरिधर म्हणतात, देवानं तुला कारणांचं दुकान थाटून दिलंय आणि सुट्टीचा वार द्यायचा विसरला. ओट्यावर बसल्या बसल्या मला दिवाळीपासूनची एकेक गोष्ट आठवू लागली, आणि प्रत्येकीवर माझ्या दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली दिसली. मी चालताना खाली बघू लागले होते. कारण, रस्ते खराब. गिरिधरला वाटलं, उतारवयात बायको नम्र झाली. "आई असती तर पेढे वाटले असते तिनं," ते म्हणाले, "जन्मभर सुनेनं मान खाली घातली न्हाई, आता घालून राह्यली." तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी बेसिनवर पुढं कलंडायचे, एकदा कपाळाला नळ लागून टेंगूळ आलं. कारण, फरशी बुळबुळीत. जिना उतरताना पाय पायरीवर आहे की हवेत, हे मी डोळ्यांनी बघून ठरवत होते. कारण, नवा चष्मा. एवढी कारणं गोळा झाली तरी ती एकमेकांशेजारी ठेवून बघावीत असं मला सुचलं नव्हतं. मुलांच्या उत्तरपत्रिकेत असं झालं असतं तर मी लाल शाईनं पान भरलं असतं.

आणि तो पट्टा. थंडीत माझी पाठ दुखू लागली तेव्हा मी डॉक्टरांकडं गेले आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले, "कंबर. चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी सरकली असणार." डॉक्टर भला माणूस, शिवाय त्यांचा मुलगा माझ्या हाताखालून गेलेला. बाईंनी सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं. कंबरेचा एमआरआय निघाला, त्यात गादी जराशी फुगलेली होती. साठीतल्या कुणाचीही निघेल एवढीच, पण माझं म्हणणं खरं निघालं म्हणून मी खूश. गोळ्या मिळाल्या आणि कंबरेचा पट्टा मिळाला, रुंद, कातडीच्या रंगाचा, चर्र आवाज करत सुटणारा. गिरिधर म्हणाले, पहिलवान दिसतेस. काही आठवड्यांनी तो मला काचू लागला. नेमकं सांगायचं तर तो कंबरेवर नव्हता काचत. त्याच्या बराच वर, बेंबी आणि बरगड्या यांच्या मधे, पोटाभोवती गोल, मागून कुणी ओढून धरल्यासारखा. मी म्हणाले, "अहो, पट्टा काचतोय." गिरिधर म्हणाले, "सैल कर." फोनवर डॉक्टर म्हणाले, "दोन बोटं सैल ठेवा." मी ठेवला. तरी काचत होता. शेवटी होळीच्या सुमाराला मी तो काढला आणि कपाटात साड्यांखाली सारून दिला. तरी काचत होता. इथं दुसऱ्या कुठल्याही बाईला घाम फुटला असता. पण माझं दुकान उघडंच होतं. चष्मा काढून ठेवल्यावरही बोट नाकाशी जातंच की. तशी पट्ट्याची सवय जायला वेळ लागणार, असं मी स्वतःला समजावलं. मी रोज म्हणत राहिले, पट्टा काचतोय. गिरिधर पेपरातून मान न काढता म्हणत राहिले, सैल कर. आणि आमचं दोघांचंही समाधान होत राहिलं.

बदरोद्दीननी दिलेलं पाणी पिऊन मी उठले आणि घरी न जाता रिक्षाला कुंडलिका नदीच्या पुलापलीकडं घ्यायला सांगितलं. तिकडं आसिफाचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. आसिफा सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली, आठवीत आमच्याकडं आली. विज्ञानातले संस्कृत शब्द तिच्या घशाखाली उतरत नसत, म्हणून ती प्रत्येक शब्द हातात घेऊन उलटासुलटा बघायची. "मॅडम, अस्थिबंध म्हंजे?" "हाडाला हाड बांधतो तो." "आन् स्नायुरज्जू?" "स्नायूला हाडाशी बांधतो. स्नायू ओढतो, हाड हलतं." ती जरा विचार करून म्हणाली होती, "मंग अस्थिबंध रिश्तेदार आन् स्नायुरज्जू नौकर." वर्ग हसला. मी तिला पूर्ण मार्क दिले आणि पुढं गेले. अस्थिबंधावर थांबण्यासारखं काही नव्हतं. फरक सांगा, एक मार्क. रिक्षा पुलावर आली तेव्हा मला वाटलं, मी माझ्याच पाठीबद्दल एका मार्कापुरतंच जाणते. मणके जाणते, मज्जारज्जू जाणते, फळ्यावर दोन्ही झोकात काढते. पण ते मणके एकावर एक कशाच्या आधारानं राहतात, हे मी कधी काढलंच नव्हतं.

आसिफानं चपलेची गोष्ट ऐकली आणि ती हसली नाही. "निसटतानी कळलं का मॅडम, का कुणी सांगितल्यावर?"

"बदरोद्दीननी सांगितल्यावर."

"हं," ती म्हणाली. हे "हं" माझंच होतं. मुलाचं उत्तर चुकीच्या वाटेला लागलं की मी असंच म्हणायचे आणि त्याला पुढं बोलू द्यायचे. "निसटतानी कळत असलं तर पायात ताकद कमी. कळलंच न्हाई तर मंग पायाची खबर वर पोचून न्हाई राह्यली. कंबर दुखती का?"

"दुखते थोडी. पण त्यापेक्षा हा पट्टा फार काचतो."

"काढा मंग पट्टा, तपासायचंच हाय मला."

"पट्टा घरी आहे."

तिनं हातातली रबरी हातोडी खाली ठेवली. "आत्ता म्हणल्या ना, काचून राह्यला?"

"हो. काचतोय."

"आत्ता?"

"आत्ता."

वर पंखा फिरत होता आणि पलीकडच्या पडद्याआड कुणीतरी व्यायाम करताना आकडे मोजत होतं. आसिफा जवळ आली. "कुठं, दावा." मी पोटावरून बोट फिरवलं. तिनं तिचं बोट माझ्या बोटामागून नेलं, कुशीवरून पाठीवर, पाठीवरून दुसऱ्या कुशीवर, आणि पुन्हा पुढं आणलं. "मॅडम," ती हळू म्हणाली, "हितं काहीच न्हाई." "माहितेय मला," असं मी म्हणाले खरी, पण म्हणता म्हणताच माझ्या दुकानाचं शटर खाली आलं. काहीच नाही हे मला होळीपासून माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली तेव्हा ती मला कळली.

मग तिनं तपासलं. गुडघ्याखाली हातोडी मारली तर माझा पाय असा उसळला की तिच्या पोटाला लागता लागता राहिला. "एवढा जोरात! म्हणजे ताकद आहे," मी आशेनं म्हणाले. "ताकद न्हाई मॅडम, लगाम सुटलाय," ती म्हणाली, "वरून धाक पोचून न्हाई राह्यला त्याला." मग टाचणी घेऊन ती पायापासून वर वर आली. टोचतं का? बोथट. इथं? बोथट. मांडी, ओटीपोट, बोथट. आणि त्या रेघेशी येताच मी "स्स" केलं. एका बोटाच्या अंतरात बोथटाचं टोकदार झालं होतं. तिनं पेनानं तिथं खूण केली. ज्याला मी पट्टा पट्टा म्हणत होते ती हद्द होती. हद्दीच्या वर मी होते आणि खालच्या मुलखातून बातमी येईनाशी झाली होती. शेवटी तिनं पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. मी मिटले, आणि जमीन सरळ एका बाजूला निघून गेली. आसिफानं दोन्ही हात आधीच पसरलेले होते. मी तिच्या खांद्यावर पडले आणि तशीच थोडा वेळ राहिले. मला एकही कारण सुचत नव्हतं.

तिच्या टेबलाशेजारी प्लॅस्टिकचा पाठीचा कणा टांगलेला होता. तो तिनं माझ्या मांडीवर ठेवला. पाठीच्या कण्याचं एवढं लक्षपूर्वक दर्शन मी पहिल्यांदाच घेतलं. मणक्यांच्या पुढून एक लांब बंध जातो, मानेपासून खालपर्यंत, आणि माणसाला मागं फार वाकू देत नाही. मणक्यांच्या मागच्या अंगाला, मज्जारज्जूच्या नळीच्या आतून, दुसरा लांब बंध उतरतो, तो पुढं वाकताना आवरतो. पाठीवर हात फिरवला की जे काटे लागतात त्यांच्या मधे आखूड बंध असतात आणि टोकांवरून एक दोर गेलेला असतो. मधल्या पाठीत शिवाय प्रत्येक मणक्याला दोन्ही बाजूंनी बरगड्या बांधलेल्या, त्यांचे बंध वेगळे. "आन् हा," आसिफानं नळीच्या मागच्या भिंतीत, कमानींच्या मधे नख घातलं, "हा पिवळा बंध. सगळ्यांत हा एकच रबरासारखा. वाकलं की ताणतो, सरळ झालं की आपल्या जाग्यावर येतो, घडी पडू देत न्हाई. कारण त्याच्या पुढं लगेच मज्जारज्जू. घडी पडली तर तिलाच चेपंल." ती थांबली. "पण कुणाकुणाचा हाच बंध जाड होत जातो आन् हाड होऊन बसतो. जास्त करून मधल्या पाठीतच. तिथं नळी पहिलेच अरुंद."

"हाडाला हाड बांधणारा तोच हाड होतो?"

"रिश्तेदारच घर बळकावून बसला समजा," ती म्हणाली. म्हणजे तिला आठवत होतं. "मी नक्की न्हाई सांगू शकत, मधल्या पाठीचा फोटो काढावा लागंल. कंबरेच्या फोटोत हा भाग येतच न्हाई."

"मी कंबर म्हणाले होते," मी म्हणाले. खरं तर दुसरं काय म्हणणार होते? मान आहे, कंबर आहे. मधल्या जागेला आपल्याकडं नावच नाही. ती सगळी नुसती पाठ. थोपटायला, फिरवायला, आणि कुणी गेलं की त्याच्या पाठीमागं बोलायला. दुखणं मधे असलं तरी माणूस नाव असलेल्या जागेवर हात ठेवतो.

फोटो निघाला आणि आसिफाचं बरोबर निघालं. नवव्या-दहाव्या मणक्यापाशी मागच्या भिंतीतून पांढरं काहीतरी आत आलं होतं आणि मज्जारज्जू तिथं चपटी होऊन एका बाजूला अंग चोरून उभी होती. औरंगाबादच्या सर्जननी, शहराचं नाव बदललं तरी आमच्या तोंडी तेच बसलंय, गिरिधरला समजावं म्हणून चित्र काढलं. गिरिधर पाटबंधारे खात्यातले. ते चित्र बघून म्हणाले, "कालव्यात भराव आलाय." "अगदी बरोबर काका," सर्जन म्हणाले, "भराव काढायचा, म्हणजे मागची कमान उघडून तो बंध काढून टाकायचा." मी विचारलं, बंध काढल्यावर मणके सुटे नाही का होणार? त्यांनी माझ्याकडं जरा कौतुकानं बघितलं, ते मला आवडलं. म्हणाले, "मधल्या पाठीला बरगड्यांनी दोन्हीकडून धरलेलं असतं, पुढचे बंध शाबूत आहेत, लागलंच तर स्क्रू टाकू." मग त्यांनी न आवडणारं सांगितलं. थांबलात तर पाय हळूहळू जातील, पुढं लघवीवरचा ताबा जाईल. ऑपरेशन केलं तरी गेलेलं सगळं परत येईल असं वचन नाही, आहे ते राखायचं. आणि या जागेत हात घालण्यात धोका आहे. काहींचे पाय ऑपरेशननंतर आणखी कमजोर होतात.

परतताना गाडीत गिरिधर बदनापूर येईपर्यंत सर्जननी काढलेलं चित्रच बघत होते. बदनापूर गेल्यावर म्हणाले, "ऑपरेशन करायचं न्हाई." त्यांच्याकडं एकच पुरावा होता आणि तो पुरेसा होता. केदारखेड्याचा त्यांचा चुलतभाऊ बद्रीनाथ. पाठीचं ऑपरेशन झालं आणि कायमचा आडवा झाला. आमच्या सगळ्या भाऊबंदांत हे ठाऊक आहे. कुणाची पाठ दुखली की बद्रीनाथचं नाव निघतं आणि माणूस ऑपरेशनऐवजी मालिशवाल्याकडं जातो. मी वाद घातला. वादात मी आजवर हरलेली नाही, पण या खेपेला माझाच आवाज मला ऐकू येत होता आणि त्याखाली दुसरं काहीतरी चाललं होतं. मोरीत जाताना मी भिंत धरत होते. एका सकाळी गॅसजवळ उभी असताना पाय कुठं आहेत ते मला कळेना, म्हणून खाली बघितलं, आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. पायांकडं बघायचं तर जगाकडं बघता येत नव्हतं आणि जगाकडं बघायचं तर पायांवर भरवसा नव्हता. मला कुठं डोंगर चढायचा नव्हता. स्वयंपाकघरातून अंगणात आणि अंगणातून गल्लीत, न बघता, बोलत, भांडत जायचं होतं. तेवढ्यासाठी मी पाठ उघडायला तयार होते. आणि ती उघडून तेवढंही गेलं तर काय, हा प्रश्न मी कुणालाच ऐकू येऊ देत नव्हते.

गिरिधरनी तेल आणलं, कुणीतरी सांगितलेला काढा आणला, आणि मग पट्टा शोधायला कपाट उघडलं. साड्यांखालून तो काढून ते बाहेर आले. "हा हितं काय करून राह्यला?"

"होळीपासून तिथंच आहे."

"मंग तू रोज म्हणत होती, काचतोय."

"काचत होता."

ते पलंगाच्या कडेला बसले. पट्टा त्यांच्या हातात होता, ते त्याची टोकं जोडत होते आणि चर्रकन सोडत होते. "आन् मी रोज सैल कर म्हणत होतो, ते काय सैल करत होती?"

"काही नाही. तुम्ही म्हणत होता, मी ऐकत होते."

"येकदा विचारायचं होतं मी, दाव म्हणून," ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्यांचा भयंकर लोभ वाटला आणि भयंकर रागही आला, दोन्ही एकदमच. "विचारायला मीसुद्धा होतेच की घरात," मी म्हणाले. ते ऐकत नव्हते. "तू आडवी झाली तर या घरात बोलणार कोण, प्रभा? मी तुला उत्तरं द्यायला शिकलो. बोलायला न्हाई शिकलो."

त्याच बैठकीत मी बद्रीनाथला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. क्षेमकुशल झालं, पाऊसपाण्याचं झालं. मग मी विचारलं, "बद्रीनाथ, ऑपरेशनच्या आधी तू चालत होतास का?"

"चालत? कुठलं चालत वैनी!" तो हसला. "बाजेवर घालून नेल्तं मला. डॉक्टरनं आधीच्या साली सांगितल्तं, जल्दी करा म्हणून. आमचे आबा म्हणले, पाठीला हात लावू द्यायचा न्हाई. मंग दोन्ही पाय गेल्यावर नेलं. डॉक्टर बिचारा काय करंल? आता गावात समदे म्हणतेत, ऑपरेशननं आडवा झाला. किती जणाला सांगत बसू? तुम्ही पहिल्या हायेत विचारणाऱ्या."

गिरिधर भिंतीकडं बघत होते. वर्षानुवर्षं ज्या गोष्टीचा शेवट ते सांगत आले होते तिची सुरुवात त्यांना आज कळत होती. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "कधी जायचं?" मी म्हणाले, "उद्या." आवाज माझा नेहमीचा होता. हात मात्र मी पदराखाली घेतले होते.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही, मी झोपलेली होते. जाग आली तेव्हा पालथं घालून कुणीतरी पाठीवर बदडल्यासारखं दुखत होतं, आणि गिरिधरचा चेहरा फार जवळ होता. "पट्टा?" त्यांनी विचारलं. मी पोटाशी मन लावून बघितलं. "आहे. पण दोन बोटं सैल झालाय," मी म्हणाले. मला हसायचं होतं, पण हसलं की टाके ओढत होते. ते मात्र हसता हसता खोलीच्या बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. पायांची बोटं मला हलवता येत होती, सर्जन म्हणाले चांगलं आहे. पण पाय कुठं आहेत ते बघितल्याशिवाय कळत नव्हतं. सर्जन म्हणाले, वेळ द्या. ते पुन्हा म्हणाले, वचन नाही.

घरी आल्यावर आसिफा रोज संध्याकाळी यायची. वॉकर धरून मी हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत जायचे, खाली बघत. दिवस चालले होते आणि पाय होते तिथंच होते. पहिल्यांदा मला वाटू लागलं की एवढंच उरणार आहे. तसं असलं तर मी तेही करून दाखवीन, असंही वाटलं. मी वॉकरला नावं ठेवायला आणि गल्लीला दाराशी बोलवून घ्यायला सुरुवात केलीच होती. तरी संध्याकाळी आसिफाच्या स्कुटीचा आवाज आला की मी पदर नीट करायचे. निकालाच्या दिवशी मुलं गणवेश नीट करतात तसा.

एके दिवशी व्यायाम झाल्यावर तिनं मला पलंगावर निजवलं. गिरिधर दारात उभे होते. "डोळे मिटा मॅडम. तुमचा डावा अंगठा मी धरते. वर केला का खाली केला, ते सांगायचं. बस."

मी डोळे मिटले. अंगठा धरलाय एवढं लांबून, जाड गोधडीतून कळावं तसं कळलं. मी वाट बघितली. वर की खाली? आयुष्यभर मी मुलांना सांगत आले, तोंडी परीक्षेत गप्प बसायचं नाही, येत नसलं तरी ठोकून द्यायचं. ठोकून दिलं असतं तर निम्मी शक्यता माझ्या बाजूची होती, आणि दारातला माणूस त्या निम्म्या शक्यतेवर आज रात्री पोटभर जेवला असता. "वर" हा शब्द माझ्या जिभेवर आलाही होता. मी तिथं, त्या अंधारात, पायाच्या टोकाशी पुन्हा एकदा जाऊन बघितलं. तिथं काही हालचाल नव्हती. काहीच नव्हतं.

"कळत नाही," मी म्हणाले.

दारात गिरिधरनी घेतलेला श्वास मला ऐकू आला, सोडलेला ऐकू आला नाही.

"कसं कळंल मॅडम," आसिफा म्हणाली. "मी अजून हलवलाच न्हाई."

आणि मग अगदी बारीक, फार दुरून, पण माझ्याच घरातून यावं तसं काहीतरी आलं.

"खाली," मी म्हणाले.

"बराबर."

मी डोळे उघडले नाहीत. "पुढचं विचार," मी म्हणाले.